नाणे वाजवून घ्यावे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर लाल वस्त्र अंथरून त्यावर घरातली नाणी मांडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. वर्षभर ट्रंकेच्या तळाशी, पैठणीच्या घडीत किंवा देवघरातल्या करंड्यात निजलेले रुपये त्या दिवशी बाहेर येतात. कुणाकडे व्हिक्टोरिया राणीचे दोन रुपये असतात, कुणाकडे पंचम जॉर्जचे पाच. एखाद्या घरात हळदीकुंकवाने काळपट पडलेली शिवराई असते, आणि तिच्यासंबंधी आजोबांच्या आजोबांपर्यंत पोचणारी एक गोष्टही असते. पूजा होते, लाह्याबत्तासे वाटले जातात आणि नाणी परत झोपी जातात. ती खरी आहेत का, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारीत नाही, विचारूही नये. पूजेला भाव पुरतो. पण नाणे पाटावरून उठून बाजारात जाऊ लागले, किंवा पाटावर मांडण्यासाठी बाजारातून घरी येऊ लागले, की भाव या शब्दाचा दुसरा अर्थ सुरू होतो. तेथे मात्र नाणे वाजवून घ्यावे लागते.

मी नाणकशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालेला एक शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. जुनी नाणी जमवण्याचा नाद मला तरुणपणीच लागला आणि तो अजून सुटलेला नाही. कादंबरीकाराचा धंदा तसा खोटे रचण्याचाच. पण आम्ही पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘यातील पात्रे काल्पनिक आहेत’ असे छापून मोकळे होतो. खोटे नाणे पाडणारा नेमके तेवढेच करायचे टाळतो. त्यामुळे त्याच्या कारागिरीकडे मी थोडासा व्यवसायबंधूच्या नजरेने पाहतो. गोष्ट कोठे जुळली आणि कोठे सुटली हे ओळखण्याची सवय माझ्या कामाची आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते त्या सवयीच्या आधारानेच.

नाण्याची पारख ही आपल्या लोकांच्या किती अंगवळणी पडलेली गोष्ट होती, हे आपली भाषाच सांगते. माणूस प्रसिद्ध असला की आपण त्याला नाणावलेला म्हणतो. अस्सल गोष्टीला बावनकशी म्हणतो. वरवरच्या सभ्यतेला मुलामा म्हणतो. नावाला बट्टा लागला असे म्हणताना आपल्याला आठवत नाही, पण बट्टा हा मूळचा सराफकट्ट्यावरचा शब्द. कमी कसाचे, झिजलेले किंवा परमुलखातले नाणे बदलून घेताना जी रक्कम कापली जाई ती बट्टा. गावगाड्यात नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. सारा भरायला आलेल्या कुळाचा रुपया तो हातात घेई, बोटावर तोलून वाजवी, आणि मगच तो रुपया सरकारी थैलीत पडे. आज पोतदार हे आडनाव तेवढे उरले आहे. जुन्या मोगली किंवा मराठी रुपयांवर बारीक टोचे किंवा चंद्रकोरीसारखे छोटे ठसे दिसतात. नवखा माणूस त्यांना खोट समजतो. वास्तविक त्या सराफांनी तपासून मारलेल्या खुणा होत. एखाद्या रुपयावर अशा चारपाच खुणा असल्या म्हणजे तो रुपया चारपाच ठिकाणी परीक्षा देऊन पुढे गेला असे समजावे.

ही काळजी आणखी कितीतरी मागे जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवरचा लक्षणाध्यक्ष निराळा आणि नाणी तपासणारा रूपदर्शक निराळा. पाडणारा आणि पारखणारा एकच माणूस असू नये, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते. खोटी नाणी पाडणाऱ्याला तो कूटरूपकारक म्हणतो, आणि असा माणूस हेरांनी कसा ओळखावा तेही सांगतो. जो वरचेवर धातू, क्षार, कोळसे, भाते, सांडशी, हातोडे, ऐरण, ठसे आणि मुशी विकत घेतो, ज्याचे हात आणि कपडे धूर, राख, काजळी यांनी मळलेले असतात, त्याच्यावर नजर ठेवा. त्याचा विश्वास संपादन करा, आणि खोट उघडी पडली की त्याला देशाबाहेर घालवा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वर्णनात कोणत्याही पोलिसी कथेचे पहिले प्रकरण तयार आहे!

पण येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. खोट्या नाण्यांच्या दोन जाती आहेत. पहिली जात त्या त्या काळच्या बाजाराला फसवण्यासाठी जन्मलेली. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नाण्यांत, म्हणजे चांदीच्या ठोकळ्यांवर निरनिराळे ठसे मारून बनवलेल्या आहत नाण्यांतसुद्धा, आत तांबे आणि वर चांदीचा पातळ पत्रा अशी नाणी सापडतात. त्या काळच्या कुणा लबाडाने त्या काळच्या कुणा भोळ्याला ती दिली असतील. आज ती खोटी नाणीही इतिहासाचे साधन ठरली आहेत, कारण लबाडी खरीखुरी त्या काळातली आहे.

दुसरी जात अगदी निराळी. ती बाजाराला फसवीत नाही. ती आमच्यासारख्या हौशी माणसांना फसवते. ज्या काळाचे नाव ती लावते त्या काळाचे तिने तोंडही पाहिलेले नसते. युरोपात हा धंदा फार जुना. सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआ शहरी जोव्हान्नी दा काव्हिनो नावाच्या कारागिराने रोमन सम्राटांच्या नाण्यांच्या इतक्या देखण्या नकला केल्या की ‘पादुआची नाणी’ असे त्यांचे नावच पडले. पुढे जर्मनीत कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याने ग्रीक, रोमन आणि मध्ययुगीन नाण्यांचे शेकडो ठसे स्वतःच्या हाताने कोरले. नवे नाणे जुने कसे दिसावे? त्याने युक्ती काढली. लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेली एक पेटी आपल्या घोडागाडीखाली बसवायची, तिच्यात ताजी नाणी टाकायची आणि गाडी रस्त्यावरून खडखडत न्यायची. चार कोसांच्या हादऱ्यांनी नाण्यांची नवलाई उतरे आणि अंगावर शतकांची झीज चढे. आपल्या म्हाताऱ्या मंडळींना फिरवून आणले, असे तो त्याला म्हणे. बेकरचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. लबाडीलासुद्धा शेवटी संग्रहालय मिळाले, पण ते तिच्या खऱ्या नावाने.

कुणी म्हणेल, एवढे काय बिघडले? हौशी श्रीमंताचे चार पैसे गेले तर गेले. पण नाणे हा नुसता धातूचा तुकडा नाही. नाणे हा साक्षीदार आहे, आणि कित्येकदा तो एकटाच साक्षीदार असतो. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. सव्वातेरा हजारांच्या वर नाणी होती. ती नहपान या क्षत्रप राजाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खाली नहपानाचा अस्पष्ट चेहरा आणि वर सातवाहनांची चिन्हे! एखाद्या नवशिक्या संग्राहकाने असे एकच नाणे पाहिले असते तर ‘दोन राजे एका नाण्यावर कसे?’ म्हणून खोटे ठरवून टाकले असते. वस्तुतः त्या नाण्यांनी एक मोठा वाद मिटवला. गौतमीपुत्राने नहपानाचा मोड करून त्याचे चलन आपल्या नावावर करून घेतले, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. आता कल्पना करा, त्या साठ्यात कुणी घरी बनवलेली शंभर नाणी मिसळली असती, तर इतिहासाच्या न्यायालयात शंभर खोटे साक्षीदार उभे राहिले असते. खोट्या नाण्याचे पाप हे आहे.

तेव्हा साक्षीदार तपासायचा कसा? घरबसल्या करता येतील अशा चार साध्या परीक्षा सांगतो.

पहिली परीक्षा वजनाची. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया १८३५ पासून १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. फार हात फिरलेला रुपया थोडा हलका भरेल. पण कोरा दिसणारा रुपया दहा ग्रॅम भरला तर त्याला तेथेच नमस्कार करावा. दुसरी परीक्षा कानाची. रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकवावा. चांदी खणखणते आणि नाद रेंगाळतो. शिसे किंवा कथील मिसळलेला ओतीव रुपया बद्द वाजतो. अर्थात तडा गेलेला खरा रुपयाही बद्द वाजतो, म्हणून एकट्या कानावर निकाल देऊ नये. तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. चांदी, सोने, तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. राणीचा रुपया चिकटला की समजावे, आत लोखंड आहे. १९४७ सालचा रुपया मात्र चिकटेल, कारण तो निकेलचाच आहे.

चौथी परीक्षा पाण्याची, आणि ती मला सर्वांत प्रिय, कारण ती वर्गात मुलांना दाखवता येते. आर्किमिडीजची राजमुकुटाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचलेली असते. पण ती परीक्षा आपल्या स्वयंपाकघरातही करता येते हे फार थोड्यांना ठाऊक असते. नाणे आधी कोरडे तोलावे. मग दोऱ्याला बांधून पाण्याच्या पेल्यात बुडवावे, तळाला टेकू न देता, आणि टांगलेल्या स्थितीत पुन्हा तोलावे. वजनात जी घट येते ती नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याची. कोरड्या वजनाला त्या घटीने भागले की धातू पाण्याच्या किती पट जड आहे ते कळते. शुद्ध सोने एकोणीसपटीहून थोडे अधिक, चांदी साडेदहापट, तांबे सुमारे नऊपट, पितळ आणि जर्मन सिल्व्हर साधारण साडेआठपट. म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाची पाण्यात सव्वा ग्रॅमच्या आतच घट व्हायला हवी. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा तोतया रुपया १.३५ ग्रॅमच्या घरात घटतो. एवढ्या अंतराला सराफाचा काटा पुरेसा आहे.

या परीक्षा धातूच्या झाल्या. पण चतुर लबाड धातू खराही वापरतो. ज्या नाण्याची किंमत त्यातल्या सोन्याच्या कितीतरी पट आहे, ते खऱ्या सोन्यात बनवूनही त्याला नफाच होतो. म्हणून पुढे घडण पाहावी लागते. जुनी नाणी घणाखाली ठसा मारून पाडलेली. ठोकलेल्या धातूवर अक्षराच्या कडा धारदार येतात. नकली नाणे बहुधा खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेले असते. भिंगाखाली त्याची अक्षरे साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत, गोलसर दिसतात, मोकळ्या जागेत हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे असतात, आणि कडेवर साच्याच्या दोन अर्धांचा सांधा, किंवा तो लपवण्यासाठी चालवलेल्या कानशीचे ओरखडे असतात. आम्ही हौशी लोक नाण्याच्या दोन्ही तोंडांकडे पाहतो आणि कड विसरतो. लबाडी मात्र बहुधा कडेलाच सापडते. सरकारलाही हे ठाऊक होते. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली तेव्हा, नकला होऊ नयेत म्हणून, रुपयाच्या कडेवर निराळी घडण करण्यात आली.

आणि सर्वांत मोठी खूण अशी की घणाखाली पाडलेली दोन नाणी कधी तंतोतंत सारखी नसतात. ठसा मोठा, तुकडा लहान. एकीवर ‘श्री’ पुरती उमटते, दुसरीवर अर्धी कापली जाते. एका नाण्याची कड डावीकडे फाटलेली तर दुसऱ्याची उजवीकडे. तेव्हा ज्यांची फाटसुद्धा एकाच जागी आहे अशी दोन नाणी दिसली, तर ती एकाच साच्याची जुळी भावंडे होत.

अंगावरच्या रंगाचेही असेच. तांब्यावर शतकांनी चढलेला तपकिरी किंवा हिरवा थर धातूशी एकजीव झालेला असतो. मोरचुदासारख्या औषधात बुडवून चढवलेला जंगाल ओल्या कापसाला लागतो. म्हणूनच गृहिणींना हात जोडून विनंती आहे, दिवाळीच्या साफसफाईत जुनी नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नयेत. समई घासावी, तांब्या घासावा. नाणे घासू नये. त्याच्या अंगावरचा काळेपणा हीच त्याची वयाची साक्ष असते, आणि ती एकदा गेली की जाणकारालाही काही सांगता येत नाही.

आता शेवटची परीक्षा, आणि तिला ना तराजू लागतो ना पाणी. नाणे काय बोलते ते ऐकावे. व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी घेतली आणि ती रुपयावर आली १८७७ साली. त्याआधीच्या सालाच्या रुपयावर सम्राज्ञी असे लिहिलेले असेल, तर तो रुपया आपल्याच तोंडाने खोटा ठरतो. रामपंचायतनाचे चित्र आणि पाठीवर ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८, अशी नाणी बाजारात ढिगाने मिळतात, आणि ती लाखमोलाची आहेत असे सांगणारेही मिळतात. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. मद्रासेकडे कंपनीने वेंकटेश्वराची मूर्ती असलेले सोन्याचे होन पाडले होते हे खरे. लबाडी नेहमी अशा लहानशा सत्याचा टेकू घेऊनच उभी राहते.

आमच्या मराठी मुलखात तर ही परीक्षा फार जपून करावी लागते, कारण येथे मध्ये अभिमान येतो. पेशव्यांचे नाव घातलेला देवनागरी रुपया पाहिला की आपले डोळे भरून येतात. परंतु पेशव्यांनी आपल्या नावाचे नाणे पाडलेच नाही. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या किंवा चांदवडचा चांदवडी घ्या, त्यावर फारसी अक्षरात नाव आहे ते दिल्लीच्या बादशहाचे. ज्या बादशहाला मराठ्यांनी हाताशी धरून गादीवर बसवले, त्याच्याच नावाने पुण्यात रुपया पडत होता. मराठेशाहीच्या राजकारणाचा सारा गुंता त्या एका रुपयात आहे. हे आपल्याला ऐकायला आवडो वा न आवडो, अंकुशी रुपया तसे सांगतो, कारण तो खरा आहे. खोटे नाणे आपल्याला हवे ते बोलते. खरे नाणे जे घडले ते बोलते.

तीच गोष्ट शिवछत्रपतींच्या नाण्यांची. १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि महाराजांचे स्वतःचे चलन सुरू झाले. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. त्यावर चित्र नाही, मुद्रा नाही, स्तुती नाही. महाराजांचा चेहरा असलेले एकही नाणे त्या काळी पाडले गेले नाही; चेहरा असलेले जे दोन रुपयांचे नाणे पुष्कळांनी पाहिले असेल ते भारत सरकारने १९९९ साली काढलेले. शिवराई पुढे शंभर-दीडशे वर्षे निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिली आणि पेशवाई बुडाल्यावरही खेड्यापाड्यांच्या बाजारात चालत होती. त्यामुळे तिची रूपे असंख्य. कोठे ‘शिव’चे ‘सिव’ झाले आहे, कोठे ‘पति’चे ‘पती’. शाळामास्तराचा हात लाल शाईकडे जातो, पण येथे त्याने आवरावे. अशुद्ध लेखन हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. ठसा कोरणारा सोनार माझ्या वर्गात बसलेला नव्हता. वजनही सुमारे आठ ग्रॅमपासून तेरा ग्रॅमपर्यंत कमीजास्त भरते. तांबे कुणी गुंजभर तोलून देत नसे. होनाचे मात्र तसे नाही. तो पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि अस्सल होन आज इतके थोडे उरले आहेत की कुणाच्या परसात त्यांचा हंडा सापडला असे ऐकले की आधी दार लावून घ्यावे.

असा एक हंडा आमच्याही गावापर्यंत येऊन पोचला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील एके दिवशी रात्री घरी आले. कोरडवाहू चार एकरांचा धनी. त्यांनी धोतराच्या सोग्यातून पुरचुंडी सोडून माझ्यापुढे सात होन ठेवले. परगावचा कुणी इसम घराचा पाया खणत होता, त्याला हंडा लागला, सरकारला कळले तर जप्त होईल म्हणून गुपचूप विकतो आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. सात नमुन्याला दिलेले; दोन दिवसांत पैसे घेऊन गेले तर सगळा हंडा. त्यासाठी बैलजोडीचे गिऱ्हाईक ठरले होते आणि पतपेढीत कारभारणीच्या डोरल्यावर कर्जाचा अर्ज गेला होता.

मी सातही होन वहीच्या पांढऱ्या पानावर ओळीने मांडले आणि भिंग त्यांच्याच हातात दिले. म्हटले, “पहिल्याच्या ‘शि’वर काय दिसतं?” ते म्हणाले, “बारीक फोड हाय.” “दुसऱ्याच्या?” “तितंबी हाय.” तिसऱ्या होनापर्यंत त्यांचा आवाज मंदावला, आणि पाचव्यानंतर त्यांनी भिंग खाली ठेवले. सातांवर एकच फोड, सातांच्या वर्तुळातला एकच ठिपका तुटलेला. सकाळी आम्ही दोघे तालुक्याच्या सराफाकडे गेलो. एक होन कोरडा भरला २.७२ ग्रॅम, पाण्यात घट आली ०.३२. सोने असते तर घट याच्या निम्म्याच्या आसपास आली असती. साडेआठपट, म्हणजे पितळ, वर सोन्याचे पाणी. सराफाने कसोटीवर रेघ ओढण्याचीही तसदी घेतली नाही.

बैल वाचले, डोरले वाचले. परत येताना एस. टी. स्टँडवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पर गुरुजी, त्याच्यावर म्हाराजांचं नाव हाय न्हवं? म्हाराजांचं नाव घालून मानूस खोटं कसं करंल?”

हा प्रश्न पैशांचा नव्हता. पैसे वाचल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर कोठे दिसत नव्हता. रात्री त्यांनी ते होन देवापुढे ठेवले होते, मुलाला हात लावू दिला होता, त्याला सांगितले होते की हे महाराजांच्या हातचे आहे. आता घरी जाऊन पोराला काय सांगायचे, हे त्यांच्यापुढचे संकट होते. फसवणाऱ्याने त्यांच्या लोभावर जाळे टाकले, हे अर्धेच खरे. दुसरा अर्धा फास त्याने त्यांच्या भक्तीला लावला होता. आणि गुपचूप या एका शब्दाने त्यांचे तोंड बंद केले होते. सापडलेले गुप्तधन जिल्हाधिकाऱ्याला कळवले पाहिजे असा कायदा १८७८ सालापासून आहे. त्या कायद्याची भीती घालूनच लबाड आपले गिऱ्हाईक एकटे पाडतो. चार माणसांना विचारू नका असे जो सांगतो, त्याचे नाणे चार माणसांना दाखवावे, हा माझा पहिला नियम आहे.

आजकाल हंड्याची जागा मोबाईलने घेतली आहे. अमुक चित्राचे नाणे असेल तर लाखो रुपये देतो, फक्त आधी थोडे शुल्क भरा, असे निरोप येतात. हे शुल्क रिझर्व्ह बँकेच्या नावाने मागितले जाऊ लागले, तेव्हा २०२१ साली खुद्द बँकेला जाहीर करावे लागले की असल्या व्यवहाराशी आपला काही संबंध नाही. आणि याच्या उलट गंमत पाहा. दहा रुपयांचे सरकारी नाणे खोटे आहे अशी आवई उठली आणि ठिकठिकाणचे दुकानदार खरे नाणे परत करू लागले. शेवटी २०१८ साली बँकेने सांगितले की त्या नाण्याच्या चौदाही तऱ्हा खऱ्या आहेत. तोलून पाहण्याचे कष्ट नकोसे झाले की असे होते. मग खऱ्याला खोटे म्हणायलाही आवई पुरते आणि खोट्याला खरे म्हणायलाही आवईच पुरते.

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे त्याच्या मुलाच्या वर्गात दिले. ते महाराजांच्याच चरित्रातले आहे.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन रायगडावर आला होता. त्यातले एक कलम असे की मुंबईच्या इंग्रजी टांकसाळीतले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. बाकीची बहुतेक कलमे मान्य झाली. या कलमावर मात्र महाराजांकडून उत्तर आले ते असे, की ज्या नाण्यात प्रजेला तोटा होईल ते घेण्याची सक्ती आपण तिच्यावर करू शकत नाही; तुमचे नाणे कसाला आणि वजनाला मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांइतके उतरत असेल, तर त्याला आपली मनाईही नाही.

वर्गात मी हे सांगितले आणि विचारले, “म्हणजे महाराजांनी नाणे पाहून काय ठरवले असते? त्यावर नाव कुणाचे आहे ते, की ते कसाला उतरते का ते?” पहिल्या बाकावरून, दुसऱ्या बाकावरून, सगळीकडून एकच उत्तर आले. तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसत असे. त्याने हात वर केला आणि म्हणाला, “गुरुजी, मग आमचे होन महाराजांनीसुद्धा घेतले नसते.”

“नसते घेतले,” मी म्हटले. “आणि तुझ्या बापानेही घेतले नाहीत.”

मुलगा खाली बसला. त्याची मान ताठ होती.